सव्वाशे ग्रेनचं टोक आणि माझा सरकलेला नेम

शिकारीचा हंगाम उघडायला पाच आठवडे उरले होते. वर्षभर मी १०० ग्रेन वजनाच्या फील्ड पॉइंटवर, म्हणजे सरावाच्या साध्या निमुळत्या टोकावर, बाण मारत आलो होतो आणि ४० मीटरवर तीन बाण तळहाताएवढ्या जागेत बसत होते. मला वाटलं, अवघड भाग संपला. आता सरावाची टोकं काढायची, १२५ ग्रेनची तीन पात्यांची ब्रॉडहेड्स, म्हणजे शिकारीची धारदार टोकं, बसवायची, चार बाण मारून खात्री करून घ्यायची, की झालं. १२५च का, तर जड टोक जास्त आत जातं असं दोन-तीन जणांकडून ऐकलं होतं. एवढाच माझा अभ्यास.

पहिला बाण मध्यापासून बारा-एक सेंटिमीटर खाली आणि जवळजवळ तेवढाच उजवीकडे लागला. हात हलला असेल म्हणून दुसरा मारला. तोही त्याच बाजूला, जरा आणखी लांब. तिसरा फोमच्या लक्ष्याच्या कडेला कसाबसा अडकला. उडताना बाणाची शेपटी हलताना डोळ्यांना दिसत होती, आणि आवाजही वेगळा होता, बारीक फरफर केल्यासारखा.

मग मी जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. साइटचा, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाचा, पाना काढला, तिची पिन खाली घेतली, उजवीकडे सरकवली आणि घरी गेलो. टोक जड झालं, बाण खाली जाणारच, त्यात काय एवढं! दुसऱ्या दिवशी सहा बाण मारले. त्यांचा मध्य आता बरोबर जागी होता, पण सहा बाण दोन पसरलेल्या पंजांएवढ्या जागेत विखुरलेले. साइट सरकवून ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, इकडचा तिकडे नेता येतो, विस्कटलेला ग्रुप गोळा करता येत नाही. शिवाय वर्षभर जमवलेली १०० ग्रेनची साइटही मी घालवून बसलो होतो.

आमच्या सरावाच्या मैदानावर एक वयस्क गृहस्थ येतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझे सहा बाण पाहिले, एक उपटून हातात घेतला, टोक बोटावर फिरवल्यासारखं केलं आणि विचारलं, "काय बदललंस?"

"टोक. शंभराचं सव्वाशे केलं."

"म्हणजे दोन गोष्टी बदलल्यास. वजन वाढवलंस आणि पाती लावलीस. आता दोष कुणाचा ते तुला कसं कळणार?"

मी म्हटलं, "काका, पण दोन्ही एकाच टोकात येतात ना?"

"१२५ ग्रेनचे फील्ड पॉइंट मिळत नाहीत का?"

मिळतात. ८५पासून २००च्या पुढेपर्यंत सगळ्या वजनांचे मिळतात. वर्षभर या खेळात असून मला ते सुचलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझे पुढचे चार आठवडे ठरले: आधी पाती नसलेलं जड टोक, मग पाती.

सुरुवात वजनकाट्यापासून केली. ग्रेन हे माप फार बारीक आहे. एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या आसपास ग्रेन बसतात, म्हणजे ज्या २५ ग्रेनवरून एवढं रामायण झालं ते जेमतेम १.६ ग्रॅम. तेवढ्याने बाणाला काय होणार, असं मलाही वाटत होतं. पण ते १.६ ग्रॅम बाणाच्या अगदी पुढच्या टोकाला बसतात, आणि दीड हात लांबीच्या दांडीच्या शेंड्यावर ठेवलेलं वजन मधे ठेवलेल्या वजनासारखं वागत नाही.

काट्यावर पहिली गंमत कळली. पाकिटावर १२५ लिहिलेली माझ्या पहिल्या तीन बाणांची ब्रॉडहेड्स १२४, १२५.५ आणि १२८ ग्रेन भरली. मी लगेच १२८वाल्यावर संशय घेतला, कारण सगळ्यात लांब गेलेला बाण तोच होता. मार्करने त्या बाणावर ३ आकडा घातला. हा तीन नंबर पुढे पुन्हा येणार आहे.

मग १२५, १५० आणि २०० ग्रेनचे फील्ड पॉइंट आणले. माझं धनुष्य कंपाउंड, म्हणजे चाकांवरून दोऱ्या फिरणारं, ओढ ६० पौंडांची. बाण नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या तुकड्याच्या, खाचेपासून शाफ्टच्या, म्हणजे दांडीच्या, पुढच्या कडेपर्यंत साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे ७२.४ सेंटिमीटर. १०० ग्रेनचं टोक लावून अख्खा बाण बरोबर ४०० ग्रेन भरतो. पुढचा हिशेब त्यामुळे सोपा गेला.

एका मित्राकडून क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजायचं यंत्र, दोन दिवसांसाठी आणलं. १०० ग्रेनच्या टोकावर वेग आला २७० फूट प्रति सेकंद. १२५वर २६२, १५०वर २५६, २००वर २४५. धनुष्यात साठणारी ऊर्जा तेवढीच, ती जास्त वजनात वाटली गेली की वेग उतरणार, हे शाळेतलं गणित. पण आकडे समोर आल्यावर पहिल्यांदा मी वही काढून बसलो. १०० आणि १२५ ग्रेनमधल्या वेगाच्या फरकामुळे ४० मीटरवर बाण किती खाली यायला हवा? हिशेबाने सहा-सात सेंटिमीटर. २० मीटरवर तर दोनसुद्धा नाही.

माझा बाण मात्र बारा खाली गेला होता. आणि वजनामुळे बाण खाली येईल हे समजतं, पण उजवीकडे कशाला जाईल?

१२५चे फील्ड पॉइंट लावून, साइट जुन्या जागी आणून मारले, तेव्हा ते खरोखरच सातेक सेंटिमीटर खाली बसले. ग्रुप थोडा सैल, पण ग्रुप होता. उजवीकडे सरकणं होतं, पण दोन बोटांएवढंच. म्हणजे मी ज्याला वजनाचा दोष म्हणत होतो त्यातला मोठा वाटा वजनाचा नव्हताच. वजनाने केलं होतं ते सरळ, मोजता येण्याजोगं, साइटची पिन हलवली की संपणारं. बाकीचा गोंधळ पात्यांनी दाखवला होता. "केला होता" न म्हणता "दाखवला होता" असं मी मुद्दाम लिहितोय, कारण तेही पुढे उलगडलं.

ते दोन बोटं उजवीकडे जाणं मात्र मला स्वस्थ बसू देईना. १५० ग्रेन लावल्यावर ते वाढलं. २०० लावल्यावर तर बाण माशासारखा शेपूट मारत गेला. इथे स्पाइनचा विषय आला.

स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप. २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार ठेवून त्यांवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पौंडांचं, म्हणजे ८८० ग्रॅमचं, वजन टांगायचं आणि शाफ्ट किती झुकला ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. माझे शाफ्ट ४००चे, म्हणजे ०.४०० इंच झुकणारे. आकडा जेवढा मोठा, शाफ्ट तेवढा मऊ. हे उलटं आहे आणि नवीन माणूस हमखास फसतो. मी फसलो होतो. पहिल्यांदा विकत घेताना ४०० हे ३४०पेक्षा "दणकट" असणार असं समजून घेतले होते.

पण आधारांवर मोजलेला स्पाइन वेगळा आणि धनुष्यातून सुटतानाचा वेगळा. दोरी मागून ढकलते, पुढचं टोक जडपणामुळे जागचं हलायला वेळ लावतं आणि मधल्या मधे दांडी वाकते. टोक जितकं जड तितकी दांडी जास्त वाकणार. म्हणजे शाफ्ट तोच राहिला तरी टोकाचं वजन वाढवलं की तो मऊ झाल्यासारखा वागतो. शाफ्ट लांब असला तरी तेच, ओढ वाढवली तरी तेच. बाण असा वाकत-सावरत जातो हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्याने ते चित्रित केलं, तेव्हा धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जाणारा बाण लोकांना दिसला. बोटांनी दोरी सोडली की हा वाक आडवा असतो. माझ्यासारख्या रिलीज, म्हणजे दोरी धरून सोडायचं छोटं यंत्र, वापरणाऱ्याचा मुख्यतः उभा. पण मुठीत जरा पीळ असला की थोडा आडवाही येतोच, आणि माझ्या मुठीत तो आहे हे मला ठाऊक होतं.

खात्री करायला कागद लावला. चौकटीत साधा कागद ताणून बसवायचा, दोन मीटरवरून त्यातून बाण मारायचा आणि भोक वाचायचं. बाण सरळ गेला तर एक गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा. १०० ग्रेनचं भोक जवळजवळ तसंच आलं. १२५चं टोक एका ठिकाणी आणि पिसं त्याच्या डावीकडे एक सेंटिमीटर फाडत गेलेली. १५०ला ती फाट दुप्पट झाली. २००ला कागद इतका फाटला की चौकटीत नवा लावावा लागला. उजव्या हाताने ओढणाऱ्याला शेपूट डावीकडे पडली म्हणजे बहुतेक वेळा बाण मऊ पडतोय. पिसं दांड्याला किंवा रेस्टला, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराला, घासली तरी अशीच फाट येते, म्हणून आधी पिसांवर पायांना लावायची पावडर मारून पाहिली. रेस्टवर पावडर उमटली नाही. म्हणजे दोष वाकण्याचाच.

माझा ४००चा शाफ्ट १०० ग्रेनच्या टोकाला नेमका पुरेसा होता. काठावर पास झालेला विद्यार्थी म्हणा. २५ ग्रेनने तो नापास झाला.

याच्यावर इलाज तीन होते. शाफ्ट पुढून थोडा कापायचा, कडक शाफ्ट घ्यायचा किंवा धनुष्याची ओढ कमी करायची. कापायला मी भ्यालो, कारण पूर्ण ओढल्यावर बाणाचा पुढचा भाग रेस्टच्या पुढे राहायलाच हवा, आणि ब्रॉडहेडची पाती बोटांजवळ आणायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मग धनुष्याच्या दोन्ही लिंबचे, म्हणजे वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भुजांचे, बोल्ट सारखेच, थोडे-थोडे सैल करत ओढ ६०वरून ५८ पौंडांवर आणली. वेग २६२वरून २५७वर आला. कागदावरची फाट एक सेंटिमीटरवरून दोन-तीन मिलिमीटरवर आली. दोन पौंड कमी केल्याचं दुःख एक दिवस राहिलं. पुरुषी अहंकार असतो, ओढीचा आकडा सांगताना तो बोलतो. पण भोक गोल आलेलं पाहून ते दुःख निवलं.

तोल मोजण्याचं काम मला सगळ्यात आवडलं. बाण पट्टीच्या धारेवर आडवा ठेवायचा, तोलला जाईल तिथे खूण करायची आणि नॉकच्या खाचेपासून ती किती दूर आहे ते मोजायचं. त्यातून शाफ्टच्या लांबीचा अर्धा भाग वजा करायचा, उरेल त्याला लांबीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तोल मध्यापासून किती टक्के पुढे आहे ते कळतं. धनुर्धारी लोक याला एफओसी म्हणतात. माझ्या बाणाचा मध्य ३६.२ सेंटिमीटरवर. १०० ग्रेनला तोल ४४.८वर, म्हणजे जवळपास १२ टक्के. १२५ला ४६.६, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. १५०ला साडेसोळाच्या आसपास आणि २००ला २०. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के पुरतात असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या पुढे जाणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे आणि त्यांच्याशी वाद घालायच्या फंदात पडू नये.

एवढ्याने काय साधतं ते मला पात्यांकडे वळल्यावर कळलं. बाण उडताना आपल्या तोलाच्या बिंदूभोवती डुलतो. मागची पिसं हवेचा रेटा घेऊन त्याला सरळ करतात. तोल जितका पुढे, तितकी पिसांना तरफ लांब मिळते. ब्रॉडहेडची पाती म्हणजे पुढच्या बाजूला लावलेली आणखी छोटी पिसंच आहेत, फक्त उलट काम करणारी. बाण सुटताना किंचित तिरका असला की फील्ड पॉइंट ती चूक गिळतो, मागची पिसं बाणाला दोन-चार मीटरमध्ये सावरतात. पाती मात्र तिरकी हवा पकडतात आणि बाणाला त्याच दिशेने ओढत नेतात. मागची पिसं एकीकडे, पुढची पाती दुसरीकडे. मला ऐकू आलेली फरफर ही त्या भांडणाची. म्हणूनच वर म्हटलं की पात्यांनी गोंधळ दाखवला. गोंधळ माझ्या धनुष्यात वर्षभर होताच, फील्ड पॉइंटने तो झाकून ठेवला होता. मिटलेली, लागल्यावर उघडणारी पाती असलेली टोकंही येतात आणि ती हवेत बरीचशी फील्ड पॉइंटसारखी जातात. पण मला त्या पळवाटेने जायचं नव्हतं.

आता ब्रॉडहेड्स पुन्हा लावली. या वेळी शेजारी १२५चेच फील्ड पॉइंट. ३० मीटरवर आधी दोन फील्ड पॉइंट, मग एक ब्रॉडहेड, असं आलटून-पालटून. एकाच ठिकाणी नेम धरायचा नाही, नाहीतर ब्रॉडहेड आधीच्या बाणाची पिसं कापतं, हे दोन बाणांची पिसं घालवून शिकलो. वजन सारखं असल्यामुळे आता तुलना खरी होती. ब्रॉडहेड्स फील्ड पॉइंटच्या नऊ सेंटिमीटर उजवीकडे आणि चारेक खाली बसत होती.

या कामाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. साइटला हात लावायचा नाही. ब्रॉडहेड्स ज्या दिशेला जायला हवीत त्या दिशेला रेस्ट सरकवायचा. माझी डावीकडे आणि वर यायला हवी होती, म्हणून रेस्ट डावीकडे आणि किंचित वर. किंचित म्हणजे खरंच किंचित, एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, पाऊण-एक मिलिमीटर. पहिल्या दिवशी मी उतावळेपणाने तीन मिलिमीटर सरकवला आणि ब्रॉडहेड्स दुसऱ्या बाजूला गेली. परत आणला. मग रोज संध्याकाळी बारा बाण, एक बारीक हलवणं, वहीत नोंद. गंमत अशी की रेस्ट हलवल्यावर फील्ड पॉइंट फारसे जागचे हलत नव्हते, पण ब्रॉडहेड्स त्यांच्याकडे सरकत येत होती. नऊवरून सहा, सहावरून तीन. आठव्या दिवशी दोन्ही एकाच मुठीएवढ्या जागेत. साइट मी त्यानंतर हलवली, एकदाच.

एक माझा तीन नंबर सोडून.

तो फील्ड पॉइंटवर शहाण्यासारखा वागायचा आणि ब्रॉडहेडवर दर वेळी पंजाभर लांब. माझ्या डोक्यात १२८ ग्रेन घट्ट बसले होते. तीन ग्रेन जास्त, म्हणून वाकडा. पण काकांचा प्रश्न आता अंगवळणी पडला होता: काय काय बदललंय? तीन नंबरवरचं जड टोक काढून एक नंबरला लावलं, एक नंबरचं तीनला. एक नंबर १२८ ग्रेन घेऊन मुकाट मध्यात गेला. तीन नंबर १२४ ग्रेनचं टोक घेऊनही भरकटला. तीन ग्रेनवर घेतलेला सगळा संशय फुकट गेला. ३० मीटरवर तीन ग्रेनचा फरक मला, माझ्या हाताने, दिसणारच नव्हता.

मग ब्रॉडहेडचं टोक एका कडक फळीवर टेकवून बाण उभा धरला आणि भोवऱ्यासारखा फिरवला. एक आणि दोन नंबर जागच्या जागी फिरले. तीन नंबर टोकाजवळ थरथरला. पुढच्या कडेला शाफ्ट काटकोनात कापलेला नव्हता, त्यामुळे आतली पितळी गुटी आणि तिच्यात फिरवलेलं टोक केसाएवढं तिरकं बसत होतं. फील्ड पॉइंटला केसाएवढं तिरकं चालतं. तीन पात्यांना चालत नाही. कड घासून सरळ करायच्या छोट्या साधनावर ती नीट केली, गुटी पुन्हा चिकटवली. थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

हे फिरवून बघताना अंगठा कापला. खोल नाही, पण धार किती असते ते कळलं. ब्रॉडहेड लावायचं-काढायचं ते पान्यानेच, आणि सरावाला वापरलेली पाती शिकारीला न्यायची नाहीत, कारण फोममध्ये चार वेळा गेल्यावर ती बोथट होतात. कायद्याने परवानगी असलेली, परवान्याची शिकारही बोथट पात्याने करायची म्हणजे जनावराचे हाल करायचे.

दरम्यान २०० ग्रेनचा किडा डोक्यातून गेला नव्हता. एका ओळखीच्या शिकाऱ्याने त्याचे ३४० स्पाइनचे चार शाफ्ट दिले. तेवढ्याच लांबीचे, जरा जड. ओढ परत ६०वर नेली. २०० ग्रेनचं टोक लावून बाण ५१८ ग्रेन भरला, वेग २४१. आणि खरं सांगतो, इतका सुंदर बाण मी आजवर उडवला नव्हता. धनुष्याचा आवाज दबला, हाताला झटका कमी. कागदावर गोल भोक. जे २०० ग्रेन ४००च्या शाफ्टवर माशासारखे वळवळत होते तेच इथे सुतासारखे सरळ. वजन तेच होतं, फक्त त्याला पेलणारी दांडी मिळाली होती.

४० मीटरवर हा बाण माझ्या मूळ बाणापेक्षा तीसेक सेंटिमीटर खाली जायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण पिन खाली घेतली की तो प्रश्न मिटतो. खरा प्रश्न अंतराच्या अंदाजाचा. जनावर ४० मीटरवर आहे असं समजून मी नेम धरला आणि ते ४३वर असलं तर? २७० वेगाचा बाण नऊ सेंटिमीटर खाली लागेल, २४१चा बारा. फरक तीन सेंटिमीटरचाही नाही. जड बाणाला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा. आणि त्याची स्तुती करणाऱ्यांनी दुसरा करावा: ४००वरून ५०० ग्रेनवर गेल्याने माझ्या बाणाची ऊर्जा जेमतेम तीन टक्के वाढत होती, संवेग मात्र तेरा टक्के. लागल्यानंतर आत घुसत राहायला संवेग कामाला येतो, तेव्हा तेरा टक्के कमी नाहीत. पण ऊर्जेच्या नावाने जी फुशारकी चालते तिच्यात दम नाही.

जनावर दोरीच्या आवाजाने दचकून खाली बसतं, त्यासाठी वेग हवा, असंही सांगतात. २० मीटरवर २७०चा बाण पोचायला जवळपास पाव सेकंद घेतो. २४५चा त्याहून सेकंदाचे अडीच शतांश जास्त. आवाज मात्र दोन्ही वेळा सहा शतांशात पोचलेला असतो. सावध जनावर दोघांनाही हरवणार. मग आवाज कमी करणारं वजन बरं की वेळ कमी करणारं, यावर मैदानावर दोन तट आहेत. माझं मत अंतर कमी करण्याच्या बाजूने.

मी १२५वरच थांबलो. कारण शास्त्रीय नाही. हंगामाला नऊ दिवस उरले होते, उसने शाफ्ट परत द्यायचे होते, आणि ५८ पौंड, ४०० स्पाइन, १२५ ग्रेन हा मेळ मला आता आतून-बाहेरून माहीत होता. मी ज्या हरणाच्या परवान्यावर जाणार होतो त्याला तो पुरेसा होता. पुढच्या वर्षी ३४०चे शाफ्ट घेईन आणि १५० ग्रेनपासून सुरुवात करीन.

शेवटच्या आठवड्यात सराव बदलला. सकाळी उठून, हात गरम न करता, एकच ब्रॉडहेड, ३० मीटरवर. दुसरा बाण नाही, कारण शिकारीत दुसरा मिळत नाही. सात सकाळींपैकी सहा वेळा बाण मुठीएवढ्या वर्तुळात. एका सकाळी आडवा वारा होता, त्या दिवशी बाण वर्तुळाबाहेर चार बोटं. संध्याकाळी त्याच वाऱ्यात फील्ड पॉइंट मारून पाहिले, ते तेवढे वाहवले नव्हते. वहीत लिहिलं: वारा असेल तर २० मीटर, त्यापुढे नाही.

निघायच्या आदल्या रात्री भात्यात बाण भरले. नवी पाती, पान्याने घट्ट केलेली, प्रत्येक बाण फळीवर एकदा फिरवून पाहिलेला. एक, दोन, चार, पाच. तीन नंबरवर परत फील्ड पॉइंट चढवला आणि त्याला सरावाच्या बाणांत ठेवून दिलं.